टाचेवरचा भैरव

त्याही सकाळी पंजे उमटलेले होतेच.

पद्मा झाडू घेऊन दुसऱ्या मजल्यावर आली आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकली. फरशीवर काळपट लाल ठसा होता. मधे बोराएवढा गोल आणि त्याच्या एका अंगाला बारीक ठिपके. दोन हात पुढं तसाच दुसरा, त्याच्या पुढं तिसरा. ओळ धरून ते थेट सासूबाईंच्या बंद खोलीपर्यंत गेले होते आणि दारापाशी ठशावर ठसा पडून नुसता डाग झाला होता. कुणीतरी तिथं बराच वेळ उभं होतं.

कुत्र्याचा पंजा हुबेहूब असाच असतो. आता सांगा, खालच्या दाराला आतून अडसर, गच्चीच्या दाराला कुलूप, अशा घरात दुसऱ्या मजल्यावर कुत्रं येणार कुठून? नवरात्रापासून हे चाललं होतं. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. आणि दर ठशावर कुंकवाचं बोट, चार अक्षता, झेंडूची पाकळी. म्हणजे पद्मा उठायच्या आधीच आक्का येऊन पूजा करून गेलेली.

"पुसू नकोस गं!" आक्काचा आवाज वरून आला. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभीच होती. अंबिका तिचं नाव. पद्माच्या सासऱ्यांची थोरली बहीण. पण ब्रह्माघाटाच्या गल्लीत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला आक्काच म्हणत. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून ती याच घरात होती आणि हे घर तिच्या धाकात होतं.

"आत्या, लादीवर डाग बसतात."

"बसू देत. काशीच्या कोतवालाचं, भैरवाचं वाहन आहे ते. कुणाच्या दारी जात नाही असं. भैरवाच्या हुकमाशिवाय या काशीत कुणाला राहता येत नाही नि कुणाला जाता येत नाही. तो बघून जातोय, घरात कोण राहिलं नि कोण गेलं."

"आणि आईंच्याच दाराशी का थांबतो?"

आक्कानं पदर डोक्यावर ओढून घेतला. "ती बिचारी अजून गेलेली नाही म्हणून," असं हळूच म्हणून ती वर निघून गेली.

पद्मा मध्य प्रदेशातल्या सागरची. तिच्या माहेरीही देवधर्म होता, पण तो सण झाला की फडताळात जायचा. इथं तो जिन्यावरून चालत होता. तिची सासू प्रभावती वैशाखात कोरोनानं गेली. आधी याच खोलीत बंद होती. सासरे, वासुदेवशास्त्री, बाहेर लादीवर बसून दाराआडून तिला पोथी वाचून दाखवायचे आणि ती ऐकत असल्याची खूण म्हणून आतून बांगड्या वाजवायची. मग एका दुपारी बांगड्या वाजायच्या थांबल्या. खुर्चीत घालून तिला गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, तिथून गावाची सीमा असलेल्या अस्सी ओढ्यापलीकडच्या इस्पितळात. परत आली नाही. अर्ध्या महाराष्ट्राच्या आईबापांना ज्यांनी मंत्राग्नी सांगितला, त्या वासुदेवशास्त्र्यांना बायकोच्या चितेपासून लांब, दोरीच्या अलीकडं उभं केलं होतं. त्यानंतर ते फार बोलत नसत.

आणि खरं सांगायचं तर पद्मानंही त्या बांगड्या परवा ऐकल्या होत्या. पहाटे, अर्धवट झोपेत. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. घरात एक माणूस वेडं असलं की पुरे असतं.

पण ती होती चौकस. कुत्रं देवाचं असो नाहीतर गल्लीतलं, पाय असणारच त्याला! त्या संध्याकाळी सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिनं रांगोळीचा डबा काढला आणि जिन्यापासून बंद दारापर्यंत चाळणीनं पांढरी धूळ भुरभुरवली. कणिक चाळतात तशी, पातळ आणि सारखी.

सकाळी आक्काच्याही आधी ती तिथं गेली. रांगोळीत पंजा होता. पण त्या पंजाभोवती पाऊल होतं. अख्खं, माणसाचं, उजवं. पाच बोटं, चवडा, आणि टाचेच्या जागी तो लाल गोल नि त्याचे ठिपके. शेजारी डावं पाऊल, स्वच्छ. माणूस जिन्यावरून आला होता, दाराशी उभा राहिला होता आणि परत गेला होता. डाव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. घरात असा अंगठा एकाचाच होता.

काखेत कळसा नि गावाला वळसा! भीती गेली असं तिला वाटलं, पण नाही, भीतीनं नुसती जागा बदलली होती. कारण ती टाच तिला आठवली.

२०२०च्या शिमग्याला बाबा, म्हणजे तिचे सासरे, पाय पसरून उन्हात बसले होते आणि त्यांच्या उजव्या टाचेवर मसुरीएवढा काळा ठिपका तिनंच पहिल्यांदा पाहिला होता. "बाबा, हे काय?" आयुष्यभर घाटाच्या दगडांवर अनवाणी फिरलेली टाच, भेगांनी भरलेली. त्यात तो ठिपका शाईसारखा. कडा वेड्यावाकड्या. पद्माच्या नवऱ्यानं, रत्नाकरनं, चामडीच्या डॉक्टरची वेळही घेतली होती. आणि त्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला. दवाखान्याला कुलूप. मग व्हिडिओवर दाखवायचं ठरलं. फोन धरला आक्कानं, हात थरथरता, उजेड नाही. पलीकडून कुणी शिकाऊ डॉक्टर म्हणाला, गोखरू दिसतंय, म्हणजे आपली भोवरी. मलम लावा, सगळं उघडलं की या. मोठ्या इस्पितळात विचारलं तर पहिला प्रश्न, दम लागतोय का? नाही ना? मग नंतर या. त्या दिवसांत दम लागणं एवढाच एक आजार जगात उरला होता. बाकी सगळ्या रोगांना जणू सुट्टी होती.

भोवरी म्हटल्यावर बाबांनी ती घाटावरच्या न्हाव्याकडून वस्तऱ्यानं तासून घेतली. एकदा नाही, दोनदा. आणि आक्कानं तर वेगळाच निकाल दिला. "भोवरी कसली, भैरवाचा शिक्का आहे तो! आपल्या आजोबांच्या, नीलकंठशास्त्र्यांच्या टाचेवर अस्साच होता. ज्याच्या टाचेवर कोतवालाचा शिक्का, त्याला काशीबाहेर मरण नाही." घरातल्या सगळ्यांना ते बरं वाटलं. डॉक्टर मिळत नाही तेव्हा माणसाला शिक्काही चालतो. पुढं दवाखाने उघडले, पण तोवर लोक तिकडं जायला घाबरत होते. मग दुसरी लाट आली आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं सासूबाईंचं झालं. टाच कुणाच्या ध्यानात राहिली नाही. बाबा म्हणाले, "बरी झाली," आणि सोवळ्याच्या जुन्या धोतराची पट्टी बांधून हिंडू लागले. सोवळ्यातल्या माणसाच्या पायाला हात कोण लावणार?

रांगोळीत पाऊल उमटलं त्याच दिवशी रत्नाकर गोरखपूरहून येणार होता. तो तिथं बँकेत होता. संध्याकाळी प्रभावतीबाईंचा पहिला आकाशदिवा लावायचा होता. कार्तिकात पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्या बांधतात आणि त्यांत पितरांसाठी दिवे वर चढवतात, वाट दिसावी म्हणून. पद्मानं रत्नाकरची वाटही पाहिली नाही. रांगोळीतल्या पावलाचा फोटो काढला आणि तडक बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, उजवा पाय दाखवा."

"मी सोवळ्यात आहे."

"मग सोवळं पुन्हा नेसा. पाय दाखवा."

वासुदेवशास्त्र्यांनी सुनेकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, पट्टी सोडली. मसुरीचं बोर झालं होतं. काळं, ओलं, वर आलेलं. आणि त्याच्या भोवती चार पिल्लं.

"दुखत नाही," ते अपराध्यासारखे म्हणाले. "म्हणून कळलं नाही. पट्टी झोपेत सुटत असेल."

"आणि पहाटे तिथं कशाला जाता?"

"ती बांगड्या वाजवते," बाबा म्हणाले. "गेलो नाही तर वाजवतच राहते."



पद्मानं फोनवर सांगितलं होतं, म्हणून रत्नाकर दुपारी आला तो गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊनच. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी भिंग लावून टाच बघितली, मग जांघेत हात घालून चाचपलं आणि चष्मा काढला.

"इसे गोखरू किसने कहा? यह चमड़ी का कैंसर है. डेढ़-पौने दो साल से है और आप लोग अब दिखा रहे हैं?"

"डॉक्टरसाहब, तब आपके दरवाज़े पर ही ताला था," रत्नाकर फाडकन म्हणाला.

डॉक्टरांनी मान खाली घातली. भांडायला कुणाकडंच काही नव्हतं. मग ते हळू आवाजात बोलले. जांघेतल्या गाठीपर्यंत आलंय. तिथंच थांबलं असेल तर अजून आशा आहे. तुकडा काढून तपासायचा, टाच कापायची, गाठी काढायच्या, पुढं औषधं. पण आता थांबायला वेळ नाही. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची भरती ठरवून दिली.

"कुठं?" वासुदेवशास्त्र्यांनी विचारलं.

"अस्सी के उस पार. बड़े अस्पताल में."

"मग नाही," बाबा म्हणाले आणि पट्टी बांधू लागले.

डॉक्टरांना कळेना. पद्मालाही क्षणभर कळलं नाही, मग एकदम कळलं. बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. प्रभावतीबाईंचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, अंगात ताप असताना, पंचगंगेच्या पायरीवर उभं राहून त्यांनी पाणी सोडलं होतं की यापुढं मरेपर्यंत क्षेत्राची सीमा ओलांडणार नाही. बरोबर फक्त आक्का होती. बाकी कुणी त्या दिवसांत घराबाहेर पडतच नव्हतं.

संध्याकाळी घाटावर सगळे उतरले ते एकमेकांशी न बोलताच. वर आलमगीर मशिदीचा मोठा काळा आकार, खाली पाणी, आणि मधे अंधारात लोंबणाऱ्या टोपल्या. दर वर्षीपेक्षा बांबू जास्त होते. एवढे, की दोऱ्या एकमेकींत अडकत होत्या. ज्याच्या त्याच्या घरचं कुणी ना कुणी गेलं होतं. वारा नव्हता, तरी सगळे दिवे एकाच दिशेला हलत होते.

रत्नाकरनं दोरी ओढली. आईचा दिवा वर गेला, एकदा फडफडला आणि स्थिर झाला.

"बाबा, उद्या सकाळी निघायचं," तो दिव्याकडे बघतच म्हणाला.

"मी संकल्प केलाय."

"संकल्पापेक्षा जीव मोठा आहे."

"जीव कुणाचा राहिलाय, रत्ना? आणि तिकडं गेलो नि तिकडंच संपलो तर? तुझी आई तिकडं गेली. अस्सी ओलांडली नि गेली. काशीत मरणाऱ्याच्या कानात देव सांगतो तो तारकमंत्र पडला नाही तिच्या कानात. म्हणून तर रोज परत येते बिचारी, आणि दार कुणी उघडत नाही. मी पण तसाच येऊ? दोघांनी मिळून वाजवायचं का ते दार?"

रत्नाकर शिकलेला, हिशेबी माणूस, पण आईचं नाव निघाल्यावर ढिला पडला. "पद्मा, त्यांचीही बाजू आहे गं," असं म्हणाला. झालं! सकाळी तिच्या बाजूचा होता, संध्याकाळी बापाच्या बाजूला जाऊन बसला.

पद्माचा तोल गेला. "बाजू? अहो, पाय सडतोय त्यांचा! आणि हे सगळं कुणामुळं?" ती आक्काकडे वळली. "आत्या, तुमचा भैरव दाखवू तुम्हाला?" तिनं फोन आक्काच्या तोंडासमोर धरला. रांगोळीतलं पाऊल अंधारात पांढरं फटक चमकलं. "हा कुत्रा. हा कोतवाल. नवरात्रापासून ज्याला हळदकुंकू वाहताय ना, ते तुमच्या भावाचं रक्त आहे."

आक्का बघत राहिली. तिनं फोन हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. आणि मग तिनं आपला उजवा हात पाहिला. अंगठ्याशेजारचं बोट, ज्यानं ती रोज कुंकू लावायची. ते बोट तिनं लुगड्याला पुसलं. पुन्हा पुसलं. पुसतच राहिली.

"आजोबांचा पाय घाण मारायचा," ती एकाएकी म्हणाली. आवाज वेगळाच होता, लहान पोरीचा. "शेवटी शेवटी कुणी खोलीत जात नव्हतं. मला पाठवायचे पाणी घेऊन. मी नाक दाबून जायची. ते रडायचे, म्हणायचे, अंबे, पाय तोडा गं कुणीतरी माझा. आणि गेल्यावर लोक म्हणाले, शिक्का होता, मुक्त झाले. मग मी पण तेच म्हणायला लागले. ते बरं वाटतं ना. त्यांचं रडणं मी विसरूनच गेले बघ."

वरच्या टोपल्या कुरकुरत होत्या.

आक्का उठली आणि भावासमोर पायरीवर जाऊन बसली. "वासू, संकल्पात तू काय म्हणालास?"

"तू होतीस की."

"होते. म्हणूनच विचारते. शब्द काय उच्चारलास?"

आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही. जगाच्या दृष्टीनं काशी काय नि वाराणसी काय, एकाच गावाची दोन नावं. तिकिटावर एक, तोंडात दुसरं. पण घाटावरच्या पुरोहिताला तसं नाही. त्याच्या लेखी ही एकात एक काढलेली वर्तुळं. वाराणसी म्हणजे वरुणा नि अस्सी या दोन ओढ्यांच्या मधली, अस्सीला संपली. काशी म्हणजे त्याहून मोठी, थेट पंचक्रोशीच्या वाटेपर्यंत, आणि अस्सीपलीकडचं ते इस्पितळ तिच्या पोटात सहज मावतं. संकल्पात जो शब्द, तेवढंच कुंपण.

"वाराणस्यां," वासुदेवशास्त्री म्हणाले. मग थांबले. "ताप होता. पण वाराणस्यां असंच…"

"काशीक्षेत्रे म्हणालास," आक्का म्हणाली.

"आक्का."

"काशीक्षेत्रे. मी पळीनं पाणी घातलं तुझ्या हातावर. माझे कान शाबूत आहेत अजून. तुला ताप होता, मला नव्हता."

"खरं सांगतेस?"

"या पंचगंगेवर बसून सांगते." तिचा आवाज कणभरही हलला नाही. "काशीक्षेत्रे. आणि मला सांग, एवढा तू शास्त्री, पंचक्रोशीच्या आत मेलेला काशीत मेला की बाहेर?"

"काशीत," बाबा पुटपुटले.

"मग प्रभावती कुठं मेली?"

त्यांनी मान वर केली. दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा पद्माला नीट दिसत होता. वैशाखापासून जे तोंड दगडासारखं झालं होतं, ते थरथरलं. शास्त्र त्यांना का ठाऊक नव्हतं? तोंडपाठ होतं. पण दुःखात माणूस लहान वर्तुळ धरून बसतो, मोठं त्याला सुचत नाही. वासुदेवशास्त्री ओंजळीत तोंड घालून लहान मुलासारखे रडले. रत्नाकरनं त्यांना धरलं. "उद्या जाऊ," ते म्हणाले. "जाऊ. ती गेली ती जागा तरी बघीन."

पद्मानं आक्काचे पाय धरायला हात पुढं केला. आक्कानं तो झिडकारला. "मला नको शिवूस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पद्मा उजाडताच उठली. बाबांच्या टाचेला तिनं स्वतः जाड कापसाची पट्टी बांधली होती, वर चिकटपट्टी. ती कोरडी होती, जागची हलली नव्हती. रत्नाकर रात्रभर त्यांच्या खोलीत दाराला आडवा झोपला होता. बाबा उठले नव्हते. प्रभावतीबाईंच्या दारासमोरची फरशी स्वच्छ होती.

पंजे वरच्या मजल्यावर, आक्काच्या दारासमोर होते.

गोल, आणि त्याच्या बाजूला चार ठिपके. ओले, ताजे. जिन्याकडून आले होते आणि तिच्या उंबऱ्यापाशी थांबले होते. परत गेलेले नव्हते. पद्माला वाटलं आपण ओरडणार. ती ओरडली नाही. तिनं बादली आणली, गुडघ्यांवर बसून फडक्यानं सगळं पुसून काढलं, आणि पाणी लाल झालं ते मोरीत ओतताना बघितलंच नाही.

दार उघडलं. आक्का पांढरं धुतलेलं लुगडं नेसून निघायच्या तयारीत उभी होती. तिनं ओली फरशी पाहिली.

"पुसलंस ना? बरं केलंस," ती म्हणाली. "वासूला बोलू नकोस."

"आत्या, हे काय आहे?"

"माझं आहे ते. तू पाण्याची बाटली घेतलीस का?"

गल्लीतून गाडी येत नाही आणि बाबांना चालवत नव्हतं, म्हणून गोपीनाथ मल्लाहाची नाव सांगितली होती. त्यानं आणि रत्नाकरनं बाबांना खुर्चीसकट पायऱ्यांवरून खाली आणलं. "धीरे, पंडितजी, हमरे कंधे पर हाथ धरिए," गोपीनाथ म्हणत होता. नाव निघाली. धुकं एवढं दाट होतं की घाट दिसत नव्हते, नुसते त्यांचे आवाज येत होते. कुठं घंटा, कुठं धुणं आपटल्याचा धपधप. मणिकर्णिकेपाशी धुक्याला लाल रंग चढला आणि कुणीही तिकडं पाहिलं नाही. दशाश्वमेध आला, गेला. पद्माला सारखं वाटत होतं की काठाकाठानं, पायऱ्यांवरून, काहीतरी नावेच्या बरोबरीनं येतंय. नखांचा आवाज येत होता. ती म्हणाली मनाशी, काशीत कुत्र्यांना काय तोटा!

अस्सीचं तोंड जवळ आलं तसा बाबांनी हात वर केला. "गोपीनाथ, रोको."

वल्हं थांबलं. आता कसलाच आवाज नव्हता. काठावरचाही नाही.

"आक्का," ते म्हणाले. "रात्रभर आठवत होतो. ताप होता, पण शुद्ध होती मला. मी वाराणस्यां म्हणालो. म्हणताना तुझ्याकडं बघत होतो. तू मान डोलावलीस."

रत्नाकर काही बोलणार होता, पद्मानं त्याचं मनगट दाबलं.

"डोलावली," आक्का म्हणाली.

"मग काल…"

"काल खोटं बोलले."

"पंचगंगेवर बसून?" बाबांचा आवाज फाटला. "अगं, तूच सांगत आलीस ना आम्हाला जन्मभर? बाहेरचं पाप काशीत धुतलं जातं, पण काशीत केलेलं पाप वज्रलेप होतं. ते गंगेनं जात नाही. त्याचा हिशेब भैरव घेतो. त्या यातना…"

"मला सांगतोस? मीच शिकवलंय तुला." आक्का खाली वाकली. तिनं बाबांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला. थोरल्या बहिणीला पाय लागू नये म्हणून ते मागं ओढू लागले, तिनं घोटा घट्ट धरला आणि ती टाच आपल्या पांढऱ्या लुगड्यावर, मांडीवर घेतली. पट्टीतून आता ओल येऊ लागली होती. ती लुगड्यात पसरली. आक्कानं तिकडं पाहिलंही नाही.

"दुसरा पण दे."

"आक्का, नको गं."

"दे म्हणते ना! उभ्या जन्मात ऐकलं नाहीस माझं, आज ऐक." तिनं डावा पायही ओढून घेतला. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन्ही पाय मांडीत घेऊन नावेच्या फळीवर घट्ट बसली. मग धुक्यात जिथं अस्सी गंगेला मिळते तिकडं तिनं एकदा बघितलं. भीती वाटत होती तिला, साफ दिसत होतं.

"पाय तुझे माझ्याकडं आहेत," ती म्हणाली. "सीमा मी ओलांडतेय, तू नाही. गोपीनाथ, चलाओ."